उजव्या बाजूचं ठिगळ

मी एक शर्ट आहे. हिरव्या-काळ्या चौकडीचा, अर्ध्या बाह्यांचा, मालकाला एक नंबर मोठा. आत्ता मी हॉस्पिटलच्या प्लास्टिकच्या पिशवीत चुरगळून पडलोय आणि माझा मालक दोन दारांपलीकडे टेबलावर आडवा आहे. त्याची छाती उघडायला घेतलीय. मला नुसतं पडून राहवत नाही, म्हणून बोलतोय.

माझ्या मालकाचं नाव गेलन टिपटन. वय बासष्ट, गुडघे खराब, स्वभाव हट्टी. ओक्लाहोमातल्या आमच्या गावात कपड्यांचं एकच दुकान आहे. दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये तो तिथे आला आणि अर्धा डझन शर्ट घेऊन आतल्या खोलीत शिरला. त्याच्या उजव्या कमरेला, चामड्याच्या खोळीत, एक पिस्तूल होतं.

आधी त्याने पांढरा शर्ट घातला. पांढऱ्यातून आतलं सगळं दिसतं. मग अंगाबरोबरचा टी-शर्ट घातला, तर कुशीवर गळू आल्यासारखा उंचवटा. तिसरा मागून लांब होता, पण बाजूंना आखूड. शेवटी मी. मला घालून त्याने दोन्ही हात वर केले, खाली वाकला, स्टुलावर बसला, उठला, वरच्या फळीवरून काही काढल्यासारखं केलं. दर वेळी आरशात उजवी बाजू बघायची. माझं कापड जाड, काठ सरळ, चौकडीमुळे आतला आकार नजरेला सापडत नाही. मला वाटलं होतं, मी देखणा म्हणून पसंत पडलो.

"काका, हा मोठा होतोय हो तुम्हाला," दुकानातली मुलगी म्हणाली.

"राहू दे. जाड व्हायचा विचार आहे."

"मग काकूंच्या हाताला चव असणार!"

तो हसला नाही. पैसे देऊन मला अंगावरच घालून बाहेर पडला.

तसं आमच्याकडे कमरेला पिस्तूल असणं म्हणजे खिशात रुमाल असण्यासारखं. चर्चच्या दारात उभं राहून लोकांचं स्वागत करणारे दोघे असतात, त्यांच्याही कोटाखाली ते असतंच. गेलन त्यांतला एक, आणि दुसरा त्याचा मित्र ओटिस, ज्याचं गुराढोरांच्या खाद्याचं दुकान आहे. पण रविवारी कोटाखाली लपवायला माझ्यासारख्या शर्टाची गरज नसते. गेलनला सातही दिवस, सकाळी उठल्यापासून, स्वतःच्या स्वयंपाकघरात लपवायचं होतं. एकाच माणसापासून. बायकोपासून.

तिचं नाव वनेटा. त्यांना एकच मुलगा होता, कोल्बी. तेलाच्या विहिरीवर कामाला लागला, तेव्हा पहिल्या पगारातून त्याने बापासाठी हे पिस्तूल आणलं होतं. मला विकत घेतलं त्याच वर्षी, मे महिन्यात, हायवेवर त्याची गाडी उलटली आणि तो गेला. जूनमध्ये एका दुपारी गेलन घरात आला, तर वनेटा पलंगाच्या कडेला बसलेली. समोर गेलनचा खण उघडा, आत ते पिस्तूल. तिने कशालाही हात लावला नव्हता, नुसती बघत होती.

"मोजे शोधत होते," ती म्हणाली.

तिचे मोजे त्या खणात कधीच नसत. गेलनने खण लावला आणि संध्याकाळी जेवताना सांगितलं, "ते विकून टाकलं मी." ती बरं म्हणाली आणि मक्याचा ब्रेड त्याच्यापुढे सरकवला.

विकलं मात्र नाही. पोराने दिलेली वस्तू परक्याच्या हातात द्यायला त्याचा जीव धजेना. ओटिसकडे ठेवावं, तर तो विचारणार, का? आणि ओटिसला सांगायचं म्हणजे त्याच्या बायकोला सांगायचं. आमच्या चर्चमध्ये एकीला कळलं की ती प्रार्थना करायला म्हणून दुसरीला फोन करते, दुसरी तिसरीला. संध्याकाळपर्यंत सगळं गाव तुमच्यासाठी हात जोडून बसलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात सगळे हळू आवाजात बोलतात. वनेटाचं नाव त्या फोनांवर फिरावं, हे त्याला नको होतं. म्हणून या शहाण्याने ठरवलं की आपल्या कमरेइतकी सुरक्षित जागा नाही.

त्या दिवसापासून मी पहाऱ्याला लागलो. आमचा शत्रू वारा. आमच्याकडे वारा वर्षभर वाहतो आणि उगाच सगळ्यांचे कपडे उचलून बघतो. गेलन एका हाताने टोपी धरायचा आणि दुसऱ्याने मला. उन्हाळ्यात आत बनियन, वर मी, पाठीला घामाची धार.

"या उकाड्यात दोन-दोन कपडे!" ओटिस दुकानातून ओरडायचा. "अंडी उबवतोस काय रे?"

"तुझ्या दुकानातली कोंबडी बसवलीय," गेलन म्हणायचा, आणि हात माझ्यावरून काढायचा नाही.

वनेटाला जवळ घेताना तो उजवं अंग मागे ठेवायचा. डावा हात तिच्या खांद्यावर, बस्स. एकदा ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "हल्ली तू मला अर्धंच जवळ घेतोस."

"पाठ धरलीय माझी."

"पाठ उजवीकडेच असते वाटतं?"

 मला तर शरमेने उसवून जावंसं वाटलं. ज्या बाईला सगळ्यात जास्त कवेची गरज, तिच्या आणि त्याच्या मध्ये मी ते थंड लोखंड धरून उभा होतो.

पहिल्या हिवाळ्यात मी आतून झिजलो. खोळीची कड दिवसभर एकाच जागी घासायची, तिथे भोक पडलं आणि भोवती पिस्तुलाच्या तेलाचा काळा डाग. गेलन शनिवारी मला धुवायला टाकायचा आणि दुसरा शर्ट चढवायचा. त्याने मला कधी उलटून बघितलं नाही. कपडे धुणारी मात्र उलटूनच बघते. वनेटाने मला उलटं केलं, डागावर बोट फिरवलं, वास घेतला आणि तिथेच मशीनला टेकून फरशीवर बसली. पाणी भरून मशीन थांबलं तरी उठली नाही.

मग उठली. कोल्बीच्या जुन्या जीनचा चार बोटांचा तुकडा कापला आणि आतून, बारीक टाक्यांनी, दुहेरी ठिगळ लावलं. धुऊन, इस्त्री करून मला त्याच्या खुर्चीवर टाकलं. एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. तिला ठाऊक होतं, पिस्तूल कुठे आहे. तिला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं. तो निर्धास्तपणे तिच्याकडे पाठ करून कॉफी ओतायचा आणि मी आतल्या आत ओरडायचो, अरे मूर्खा, मला उलटून बघ! पण शर्टाचं कोण ऐकतं? ती ठिगळ का लावून बसली, हेही मला कळेना. सव्वा वर्ष मी भीतीतच काढलं.

आणि या वसंतात गेलनची छाती दुखायला लागली. शेजारच्या शहरातल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, ऑपरेशन लगेच करा, थांबलात तर जाल. हॉस्पिटलच्या दारावर पाटी आहे, आत हत्यार आणायचं नाही. शिवाय आत गेल्यावर कपडे काढून तो मागून बांधायचा झगा घालावा लागतो. मग पिस्तूल कुठे ठेवायचं? घरी वनेटा. गाडीची किल्ली वनेटाकडे. त्याने पहिली तारीख गाय विणार म्हणून चुकवली, दुसरी टायरचं निमित्त काढून. गाय दोन महिन्यांपूर्वीच व्यायली होती.

आज तिसरी तारीख. वनेटाने गाडी हॉस्पिटलसमोर उभी केली. गेलनचा चेहरा राखेसारखा झाला होता, घामाने मी चिंब.

"उतर."

"पुढच्या आठवड्यात येऊ. आज बरं वाटतंय मला."

"गेलन, उतर म्हणते ना!"

"नाही जायचं मला आत! ऐकू येत नाही का?"

 मग तिने हात पुढे करून माझा काठ धरला आणि मला उलटवलं. जीनचं निळं ठिगळ वर आलं. खाली पिस्तुलाची मूठ.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

गेलन ठिगळाकडे बघत राहिला. त्याने ते आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

"हे तू...? कधी?"

"मागच्याच्या आदल्या हिवाळ्यात. तुला काय वाटलं, मी डोळे मिटून धुते?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? बोलले असते तर तू दुसरीकडे लपवलं असतंस. आणि घर माझं आहे, गेलन, मला सापडलं असतं." तिने माझा काठ मुठीत घट्ट धरला. "तुझ्या अंगावर आहे तोवर माझ्या हाताला लागणार नाही, एवढं मला कळत होतं. भोक पडलेलं बघितलं आणि वाटलं, हा शर्ट टिकला पाहिजे. म्हणून शिवलं. दुहेरी शिवलं."

गेलन रडायला लागला. छातीत दुखत होतं म्हणून हाताने छाती दाबून रडत होता.

"मी मेलो तर तू..." तो म्हणाला.

"म्हणून तर सांगतेय. ते माझ्याकडे देऊ नकोस. आज तर मुळीच नको." तिने फोन काढला. "ओटिस? वनेटा बोलतेय. हॉस्पिटलसमोर ये, आत्ता. कोल्बीने दिलेलं पिस्तूल तुझ्याकडे न्यायचंय. हो, आहे त्याच्याकडे. का ते विचार. विचार ना! घरात माझा भरवसा नाही म्हणून. हो. बायकोलाही सांग. सगळ्यांना फोन करू देत."

ओटिस वीस मिनिटांत आला, अंगावर भुशाची धूळ तशीच. एरवी याच्या तोंडाला कुलूप नसतं. आज त्याने फक्त हात पुढे केला, पिस्तूल रिकामं केलं, आपल्या गाडीत कुलपात ठेवलं आणि परत येऊन वनेटाच्या बाजूला उभा राहिला.

"मी हिच्याजवळ बसतो," तो गेलनला म्हणाला. "तू बाहेर येईपर्यंत. ती हाकलेल, तरी बसतो."

गेलन गाडीतून उतरला आणि वाऱ्याने मला पार वर उचललं. गेलनने मला धरलं नाही. पण आत न्यायला चाकाची खुर्ची घेऊन माणूस आला आणि त्या गडबडीत वनेटाला जवळ घ्यायचं राहूनच गेलं.

तीन तास झाले. वनेटाने आत्ताच मला पिशवीतून काढून मांडीवर घेतलंय. ओटिस शेजारच्या खुर्चीत बसलाय, त्याच्या हातातली कॉफी गार झालीय. तिचा अंगठा ठिगळावरून फिरतोय, सारखा, एकाच जागी. दार उघडलं की ती मान वर करते. मग पुन्हा खाली.

"ये रे म्हाताऱ्या," ती पुटपुटते.

गेलन, मीही तेच म्हणतोय. ये. मला पुन्हा अंगात घाल, एक बटणही लावू नकोस, आणि हिला दोन्ही हातांनी जवळ घे. मी तुला एक नंबर मोठाच आहे. ती मावेल.