कोंबडीची तीन पिसं

दोरीचं टोक... माझ्या उजव्या बाहीतून लोंबतंय, गाठ सुटलेली, आणि त्याला हातमोजा नाही — म्हणजे मोजाच मागे उडाला, पंख्यात गेला, पातं तुटलं, आणि म्हणून आम्ही या द्राक्षमळ्यात चाकं वर करून पडलोय, उघडच आहे! आमच्या विमानाचा पंखा पाठीमागे फिरतो, सुटलेली वस्तू थेट त्याच्या तोंडात, म्हणून तर कप्तान झांपारो उडण्याआधी आम्हाला खेचरांसारखं बांधून घेतो... पेन्सिलीला दोरी, दुर्बिणीला दोरी, मोज्यांना दोरी. आणि मी गाढव! नकाशावर शत्रूच्या तोफा मांडताना बोटं वळेनात म्हणून सोडली गाठ. महिन्यात दोन पंखे गेलेत, तिसरा ज्याच्यामुळे जाईल तो परत खंदकात, असं कप्तानाने सगळ्यांसमोर सांगितलंय — आणि खंदकात मी अकरा महिने काढलेत, मला पुन्हा जायचं नाही, नाही म्हणजे नाही.

"पक्षी आडवा आला म्हण," नेरेओ म्हणाला. आमचा वैमानिक. एवढं आदळूनही शीळ घालतोय, डोकं उठतं माझं!

"कुठला पक्षी?"

"हा." आणि या बहाद्दराने मळेवाल्या म्हातारीच्या कोंबडीची तीन पिसं उपटून तुटक्या पात्यात खोचली.

"मेल्या, अंडी द्यायची बंद होईल ती!" म्हातारी कडाडली.

"आजी, युद्ध चालू आहे!"

"नेरेओ, तांबडी कोंबडी हजार मीटरवर काय करत होती?"

"टेहळणी. तुझ्यापेक्षा बरी करते. अरे ओदो, तुझ्यासाठीच खोटं बोलतोय ना मी? जरा उपकार मान!"

मानले. वैताग आला तरी मानले... आणि सिगरेटसाठी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, तर मऊ, चामड्याचं, ऊबदार काहीतरी. मोजा. माझा. लिहिताना मीच कोंबला होता की!

मग पंख्यात काय गेलं?

सकाळी नेरेओच्या गळ्यात पिवळा मफलर होता, त्याच्या बियांकाने विणलेला. टोकं कोटात खोच म्हणून कप्तान रोज ओरडायचा, हा रोज वाऱ्यावर सोडायचा. आता गळा उघडा. मी पात्याशी वाकलो... पिसांखाली, फाटलेल्या लाकडात, पिवळी लोकर.

हा माणूस! उपकार मान म्हणे!

वाटेवर कप्तानाच्या मोटारीची धूळ उठली. शीळ थांबली.

"पक्षीच ना, ओदो?"

खंदक आता माझा नाही, त्याचा आहे, मला सुटल्यासारखं वाटायला हवं — वाटतच नाही, नुसता संताप, आणि संतापात माझा हात त्या पिसांवर गेलाय, आणखी खोल खोचायला की उपटायला, माझं मलाच कळत नाही...