आंधळ्या डोळ्यांवरची झापड

मी एक जुनी झापड आहे. मित्रांनो, माझं नाव तुम्ही बोलणी खातानाच ऐकलं असेल. कुणी कुणावर खेकसतं, "डोळ्यांवर झापडं बांधलीत का?" आणि बदनाम मी होते! जनावराचे डोळे झाकायचं चामडं, एवढाच माझा अर्थ. तेलाच्या घाण्याला बैल दिवसभर गोल फिरतो. डोळे उघडे राहिले तर त्याला भोवळ येते, म्हणून मी लागते.

कारागिराने मला वाट्यांसारखी फुगीर शिवली, आत पापणी सुखाने मिटावी म्हणून. घाणेवाल्याने मला भुऱ्या बैलाला बांधलं. लोक म्हणायचे, काय गुणाचा बैल! माझं कौतुक कोण करतो? संध्याकाळी मला सोडलं की भुऱ्या आधी घाणेवाल्याच्या बायकोकडे, घाणेवालीकडे बघायचा, मग पाण्याकडे.

मी कडक होऊ नये म्हणून घाणेवाला रोज घाण्यातलंच तेल मला आतून चोळायचा. तीळ होते तोवर ठीक होतं. मग मोहरी आली, आणि सवयीने त्याने तिचं झोंबरं तेलही चोळलं. भुऱ्याच्या डोळ्यांना धार लागली. घाणेवालीने बजावलं, झापड काढून ठेवा, जनावराचा डोळा जाईल.

तो म्हणाला, "घाम आहे तो. आणि त्याला काय पेपर वाचायचाय?"

ती मला चोरून पुसायची, पण तेल माझ्यात मुरलं होतं. हंगाम सरता सरता एका संध्याकाळी मला सोडलं, तर भुऱ्या तिच्याकडे बघेना. घाणेवाल्याने त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवून पाहिला. "चला, बांधायची कटकट मिटली," म्हणाला आणि मला कोपऱ्यात भिरकावलं.

सकाळी भुऱ्या जागचा हलेना. मी डोळ्यांवर आले की चालायचं, एवढंच तो जन्मभर शिकला होता. पाठीवर चाबूक पडू लागला. शेवटी घाणेवालीनेच मला उचललं. मला काढा म्हणून जिवाचा आटापिटा करणारी तीच! त्या आंधळ्या डोळ्यांवर मला बांधत ती म्हणाली, "चल बाबा." भुऱ्या मुकाट चालू लागला.

मित्रांनो, कुणाचे डोळे झाकायची वेळ आलीच, तर सोडताना ते डोळे नीट बघत जा. घाणेवाली आता मला रोज कोरड्या फडक्याने पुसून, मगच बांधते. अगदी स्वच्छ पुसते.