वॉशिंग मशीनमधली बरणी

आमच्या घरात टोपी मिळवायला वय लागत नाही, नेम लागतो. सासऱ्यांची लाल लोकरीची टोपी आहे, एका बाजूनं उंदरांनी खाल्लेली. इथं अमेरिकेत, आयडाहोत, पहिला बर्फ पडला, की येणाऱ्या शनिवारी आम्ही आमच्या रानातल्या खडीच्या जुन्या खाणीत जमतो, आणि जो पहिला बार उडवेल त्याच्या डोक्यावर ती टोपी चढते. मग वर्षभर खाणीत त्याचा हुकूम. निशाण कुठे, किती लांबून मारायचं, सगळं तोच ठरवणार. बर्फाआधी मात्र कोणी बार उडवत नाही, कारण वाळल्या गवतात ठिणगी पडली तर अख्खी दरी पेटेल. तेवढी अक्कल आम्हाला आहे. बाकीच्या अकलेचं काय सांगू.

बार म्हणजे प्लास्टिकची बरणी. दोन पुड्या वेगवेगळ्या मिळतात, त्या जागेवरच मिसळायच्या. रायफलची गोळी लागली की असा दणका होतो, की छातीत घुमतो. एकदा मिसळलेली बरणी घरी न्यायची नसते, तिथेच फोडून संपवायची. आणि झाकणावर ठळक लिहिलेलं असतं: शंभर पावलांच्या आत थांबू नका, धातूच्या वस्तूत किंवा वस्तूजवळ ठेवू नका.

माझा धाकटा दीर वेंडेल झाकणं वाचत नाही. आणि टोपी चार वर्षं त्याच्याकडे आहे. गेल्या वर्षी या शहाण्यानं बरणी लोखंडी स्टोव्हमध्ये ठेवली, तीही पन्नास पावलांवर. स्टोव्हचं दार उडालं ते पिकअपची काच फोडून सीटमध्ये रुतलं. माझी लेक केल्सी दोनच मिनिटांपूर्वी त्या सीटवरून उतरली होती. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन भडाभडा ओकले.

यंदा केल्सीला सातवा महिना. तरी यायचंच म्हणाली, हट्टी कुठली, आईवर गेलीय. म्हणून मला ती टोपी हवी होती. उन्हाळाभर दर रविवारी क्लबच्या मैदानावर कागदी निशाणांवर नेम धरला. टोपी डोक्यावर आली, की शंभर पावलं पक्की आणि लोखंड बंद. बस, एवढंच.

शनिवारी खाणीत पोचले तर समोर पांढरं वॉशिंग मशीन.

"वेंडेल, हे काय आणलंयस?"

"शोभेला आहे, वहिनी. बरणी त्याच्या डोक्यावर ठेवलीय, आत नाही. आईशप्पथ."

"तुझी आई इथंच बसलीय. तिची शप्पथ जपून घे."

सासूबाई, ओपल त्यांचं नाव, वय एक्याऐंशी, घडीची खुर्ची टाकून अगदी पुढे बसल्या होत्या. मागे सरा म्हटलं, तर म्हणाल्या, "मला कमी ऐकू येतं. मागे बसून काय बर्फ मोजू?" केल्सीला मी ट्रकच्या इंजिनाआड बसवलं, कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवल्या. हुकूम वेंडेलचा होता. एकदाच सोसायचं होतं.

चिठ्ठ्या काढल्या. पहिली माझी, दुसरी वेंडेलची.

"आजच जेवून घ्या, वहिनी हरली की घरी उपास असतो," वेंडेल बाकीच्यांना म्हणाला.

रायफल घेऊन बाकावर बसले. वारा पडलेला, हात स्थिर, असा दिवस वर्षातून एकदा येतो. दुर्बिणीला डोळा लावला, आणि मशीनच्या डोक्यावर काहीच नव्हतं. गोल दार सताड उघडं, आणि आत, पत्र्याच्या पिंपात, पांढरी बरणी.

मेल्या, आईची शप्पथ घेतलीस ना.

बोट घोड्याजवळच होतं. खोटं कशाला बोलू, मनात आलंच. केल्सी इंजिनाआड आहे. एक गोळी, की टोपी माझी, आणि हा मूर्खपणा कायमचा बंद. आणि आमच्याकडे नियम असा, की न मारता बाकावरून उठलं की पाळी गेली. मी उठले तर पुढे वेंडेल, आणि तो इतक्या जवळून चुकत नाही. मग पाचवं वर्ष त्याचंच. पण सासूबाई उघड्यावर बसलेल्या. म्हातारी कितीही खाष्ट असली तरी आहे आमचीच.

रायफलचा बोल्ट उघडला, गोळी काढली आणि उठले. "थांबा सगळे. बंदुका रिकाम्या करा, बोल्ट उघडे ठेवा, हात मला दिसू देत."

"वहिनी, पाळी गेली हं," वेंडेल म्हणाला.

"गेली तर गेली. तू आधी तुझ्या आईला मागे ने."

सगळे ट्रकांमागे गेल्यावर मी एकटी मशीनपाशी गेले. वाकून पाहिलं. बरणी एक नव्हती. चार होत्या.

मशीनपासून पन्नास पावलं लांब, मोकळ्या बर्फात त्या एकेक करून, एकमेकींपासून लांब नेऊन ठेवल्या आणि परत आले. "आत चार बरण्या होत्या. कोणाच्या?"

"मी एकच ठेवली," वेंडेल म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता.

सासूबाईच म्हणाल्या, "एक माझी. एकीचा आवाज मला कुठे येतो?"

सासूबाईंचे भाऊ लायलमामा घसा खाकरून म्हणाले, "मी सकाळी आलो तेव्हा दोन दिसल्या. म्हटलं, तीन म्हणजे मजा येईल."

"आणि चौथी?"

माझा नवरा ग्लेन हरणाच्या मटणाची चिली, म्हणजे तिखट रस्सा, ढवळत होता. त्याच्या हातातला डाव थांबला.

"ग्लेन?"

"तुलाच टोपी मिळणार होती ना," तो पुटपुटला. "म्हटलं, तुझा बार जरा मोठा व्हावा."

प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच हुशार.

मशीनपासून आईच्या रिकाम्या खुर्चीपर्यंत वेंडेल पावलं मोजत आला. अठ्ठेचाळीस. मग त्या खुर्चीत मटकन बसला.

बरण्यांपासून दीडशे पावलांवर आम्ही नवीन बाक मांडला. पाळी वेंडेलची. बराच वेळ त्यानं मारलं नाही, आणि मारलं ते बरोबर मधोमध. पांढऱ्या धुरळ्याचा लोट झाडांच्या वर गेला, दणका डोंगरावर आपटून परत आला, लायलमामा शीळ घालत नाचले, आणि सासूबाई म्हणाल्या, "आला, आला, ऐकू आला." माझ्याही अंगावर काटा आला, आनंदानं. त्या आवाजाचं वेड मलाही आहेच.

टोपी वेंडेलची झाली. मला वाईट वाटलं, चांगलंच वाटलं. उन्हाळाभर खांदा दुखवून घेतला होता.

त्यानं टोपी घातली, पण नेहमीसारखा मिरवला नाही. "झाकणावर किती पावलं लिहिलंय, वहिनी?"

"शंभर. एका बरणीला."

"दीडशे," तो म्हणाला. "पत्रा नाही, लोखंड नाही. आणि बरणी एकच माणूस मिसळेल, एकच माणूस ठेवेल. तो माणूस म्हणजे वहिनी."

"म्हणजे काम माझं, टोपी तुझी?"

"नेम माझा लागला."

त्यावर मला हसूच आलं. समोर अजून तीन बरण्या बाकी होत्या, आणि लायलमामा बंदूक भरायची परवानगी माझ्याकडे मागत होते. तेवढ्यात केल्सी इंजिनाआडून उठून उघड्यावर आली आणि माझ्याशेजारी उभी राहिली. "आई, पुढचा मी इथूनच बघणार," ती म्हणाली.

मी तिच्या कानांवरच्या टोप्या नीट दाबल्या आणि म्हटलं, बघ.