बारीक अक्षरांतली शेवटची ओळ

लेकीने पुठ्ठा डोळ्यांसमोर धरला, मग थोडा लांब नेला, मग आणखी लांब. शेवटी हात संपला, पण अक्षरे काही वळणावर आली नाहीत.

समोर दुकानातल्या स्टुलावर तिचे वडील एका चष्म्याच्या काचा पुसत बसले होते. पन्नास वर्षे गावाला चष्मे लावले आणि लावता लावता थापा मारल्या, असा हा माणूस. लेक वकील. बापाची एकही गोष्ट तिने शेवटपर्यंत ऐकलेली नव्हती, रंगात आली की ही मध्येच "पुरावा?" म्हणायची आणि गोष्टीचा जीव जायचा. म्हणून दुकानात तिला 'वकीलसाहेब' म्हणत.

घराचे आणि दुकानाचे मृत्युपत्र तिनेच गेल्या महिन्यात करून दिले होते. तेव्हा म्हातारा कुरकुरला होता, की विटा कुणाच्या ते ठरले, पण जगताना जे चार शहाणपणाचे कण हाती लागले ते कुणाच्या नावावर करायचे? मग त्याने तेही मृत्युपत्र स्वतःच लिहून काढले. लिहिले ते डोळे तपासताना जवळचे वाचायला देतात त्या पुठ्ठ्यासारखे: वरची ओळ बोराएवढ्या अक्षरांत, खालची त्याहून लहान, आणि शेवटची मुंग्यांची रांग. तोच पुठ्ठा आता लेकीच्या हातात होता.

पहिली ओळ होती, 'खोटे बोलू नये.'

"हे तुम्ही लिहिलंत?"

"अक्षर माझंच आहे."

दुसरीत होते, की कुणाच्या उण्यावर बोट ठेवून हसू नये. तिसरीत, दारी आलेल्याला उभे ठेवू नये. हे मात्र तिला नाकारता येईना. दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा खुर्च्याच जास्त होत्या. चौथी ओळ तिने अंदाजाने ओलांडली. पाचव्या, शेवटच्या ओळीपाशी घोडे अडले.

ही भानगड तिने सहा महिने दडवली होती. अशिलांचे कागद ती "ठेवून जा, सवडीने बघते" म्हणून घ्यायची आणि खिडकीत उन्हापाशी नेऊन वाचायची. गेल्याच आठवड्यात भर कोर्टात तिने तीन तारखेची आठ केली आणि खापर टायपिस्टवर फोडले. तुला चाळिशी लागली, असे बाप एकदा म्हणाला होता. तिने ते त्याच्या थापांत जमा केले होते.

"शेवटची वाच की. मोठ्यानं."

"सगळ्यांनी मिळूनमिसळून राहावं," ती ठामपणे म्हणाली.

म्हाताऱ्याच्या मिशा हलल्या.

"पुरावा?"

तिचे कान तापले. तिने पुठ्ठा मांडीवर ठेवला, पदराशी उगाच चाळा केला.

"दिसत नाही, बाबा. बरेच दिवस झाले."

हसण्याची इतकी सुरेख संधी म्हाताऱ्याने वाया घालवली. त्याने तिला उंच खुर्चीत बसवले, नाकावर तपासणीची जड चौकट चढवली, पुठ्ठा पुन्हा हातात दिला, आणि पहिले भिंग सरकवता सरकवता सुरू झाला. याच खुर्चीत म्हणे एकदा सर्कशीतला सुऱ्या फेकणारा बसला होता. दिसत नाही म्हणायला काही तयार नाही. फळीला टेकून उभी राहायची ती त्याची बायको. तिनेच त्याला कानाला धरून आणलेला.

"दिसतंय?"

"नाही."

दुसरे भिंग. बायकोचे चष्मेवाल्याला म्हणणे, आजच्या खेळाच्या आत चष्मा पाहिजे, नाहीतर फळीपुढे तुम्ही उभे राहा. आणि चष्म्याला तर दोन दिवस लागणार.

"आता?"

"नाही."

तिसरे भिंग पडले आणि मुंग्यांची अक्षरे झाली. काळीभोर, रेखीव. 'हे दिसले तरी लगेच सांगू नये. बापाची गोष्ट पुरी होऊ द्यावी.'

तिने ओळ दोनदा वाचली. चौकटीच्या कडेवरून बापाकडे पाहिले. चौथे भिंग त्याच्या चिमटीत तयार होते.

"आता तरी?"

"नाही," वकीलसाहेब म्हणाल्या. "मग फळीपुढे कोण उभं राहिलं?"