साडेतेवीस हातांचा पंख

मास्तरांच्या थोरल्या बहिणीला देवदूतांचं वेड होतं. वेड असलं तरी भाबडं नव्हे. ताई शिवणकाम करायची आणि इब्री शास्त्रातल्या, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथातल्या प्रत्येक दूताकडे नव्या गिऱ्हाइकासारखी बघायची: हा कोणाकडून आला, काय काम काढून आला, अंगावर काय होतं. बारा वर्षं दुपारच्या फुरसतीत ती टिपणं काढत होती, तीही बेतण्याच्या खाकी कागदांवर. एका बाजूला कोटाची पाठ, दुसऱ्या बाजूला एदेन बागेच्या दारावरचे पंखवाले पहारेकरी, करूब.

वाचनमंडळाला वाचून दाखवणारे जुने वाचक डोळ्यांनी अधू झाले आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. ग्रंथपाल मास्तरांना म्हणाले, "मंडळात सध्या इब्री शास्त्र चाललंय, शनिवारी दूतांवर बोला. मंडळींना रुचलं तर खुर्ची तुमची."

मास्तरांनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला होता. दूतांविषयी त्यांना एवढंच ठाऊक होतं की त्यांना पंख असतात. ते सरळ ताईच्या दुकानात गेले.

"चाळायला देतेस?"

ताईनं सुई तोंडातून काढली. "चाळ की. पण बाळ्या, माझं आहे म्हणून सांगशील ना?"

"सांगेन. त्यात काय एवढं!"

त्यांनी कागद वहीत उतरवून काढले. शेवटचे दोन उतरवायला सवड झाली नाही, म्हणून ते तसेच वहीत घातले.

शनिवारी वाचनालयात तीसेक माणसं होती. ताई दुसऱ्या बाकावर, सुताराशेजारी. ग्रंथपालांनी ओळख करून दिली. "मास्तरांनी हा सगळा अभ्यास एकट्यानं, कुणाचं बोट न धरता केलाय." टाळ्या पडल्या. मास्तरांनी घसा साफ केला. आत्ताच सांगावं, की ओघात सांगावं? ओघात बरं दिसेल, असं त्यांनी ठरवलं आणि वही उघडली.

सुरुवात झकास झाली. दूत म्हणजे धन्याचा निरोप्या, ते म्हणाले. बहुतेकदा तो साध्या माणसासारखा दिसतो, दारात बसलेल्या म्हाताऱ्याकडे येतो, हातपाय धुतो, जेवतो. याकोबाला स्वप्नात दिसले ते शिडीनं चढत-उतरत होते. "पंख असते तर शिडी कशाला लागली असती?" मंडळी हसली. ताईही हसली. विनोद तिचाच होता. कुणी रस्ता अडवायला येतो आणि विद्वानाआधी त्याच्या गाढवीला दिसतो. कुणी नगराचा नाश करायला येतो. एकाचं काम तर देवाच्या दरबारात उभं राहून माणसावर आरोप करणं. माना डोलत होत्या. मास्तरांना खुर्ची आपल्या मापाची वाटू लागली.

"पंखवाले वेगळे," ते पुढे म्हणाले. "सराफीमांना सहा पंख. दोहोंनी तोंड झाकतात, दोहोंनी पाय, दोहोंनी उडतात. डावा पंख साडेतेवीस हात, उजवा चोवीस."

"किती?" सुतार म्हणाला.

"साडेतेवीस. आणि चोवीस."

"अहो मास्तर, ते माझ्या बाह्यांचं माप आहे! रंधा मारून मारून माझा उजवा हात अर्धा इंच लांब झालाय. ताईंना विचारा."

वाचनालय हसण्यानं दणाणलं. मास्तरांचे कान तापले. कागदावर 'डा. साडेतेवीस, उ. चोवीस' एवढंच होतं. 'हात' त्यांनी पदरचा घातला होता. खरं सांगायला याहून चांगली वेळ आली नसती. मास्तर म्हणाले, "जुन्या प्रतींत असे पाठभेद सापडतात."

ताईचं हसू मावळलं. ती मांडीवरच्या हातांकडे बघू लागली.

आता खाकी कागद काढावेच लागले. मास्तरांनी ते वहीच्या आड धरले आणि मानोहाच्या बायकोची गोष्ट वाचायला घेतली. मूल नसलेली बाई. दूत आला तो तिच्याकडे, मुलगा होईल म्हणून सांगून गेला. नवऱ्याला चैन पडेना. त्यानं दूताला पुन्हा बोलवून घेतलं. दूत पुन्हा आला, तोही शेतात एकट्या बसलेल्या बाईकडेच. ती धावत जाऊन नवऱ्याला घेऊन आली. नवऱ्यानं विचारलं, आम्ही काय करायचं? दूताचं उत्तर एवढंच, की मी हिला सांगितलंय.

खाली ताईनं दोन ओळी लिहिल्या होत्या. 'नवऱ्याला वेगळं काही मिळालं नाही. जे होतं ते बायकोकडेच होतं.'

मास्तरांना ते वाचवेना. मग ते म्हणाले, "यात माझ्या ताईची फार मदत झाली बरं का."

"काय हा विनय!" ग्रंथपाल उठून उभे राहिले. "बहिणीलाही मान देताहेत. खुर्ची तुमचीच, मास्तर!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

मास्तरांनी हात वर केला. "थांबा," ते म्हणाले. कुणी थांबेना. "थांबा! मदत नाही. सगळं तिचं आहे. मी उतरवून काढलं. पाठभेदाचं खोटं बोललो. ती शिडीची गंमतसुद्धा तिचीच."

टाळ्या एकेक करून गळाल्या. शेवटपर्यंत वाजवत होता तो टपालवाला, त्याला कमी ऐकू यायचं. शेजाऱ्यानं त्याचा हात धरला. ग्रंथपाल खाली बसले आणि चष्मा पुसू लागले.

"ताई, ये ना," मास्तर म्हणाले. "पुढचं तू सांग."

"आत्ता?" ताई जागेवरून उठली. "तुझं निस्तरायला? नाही रे बाळ्या. मला विचारायचं होतं तर आधी विचारायचं होतं." ती पुढे आली आणि हात पसरला. "कागद दे. उलट्या बाजूला उद्याचं कटिंग आहे."

मास्तरांनी कागद पुढे केले, पण सोडले नाहीत. उत्तरपत्रिका तपासल्यावर कोपऱ्यात सही ठोकायची त्यांची एकतीस वर्षांची सवय. या दोन्ही कागदांवरही त्यांनी ती ठोकली होती, निळ्या शाईत, ताईच्या अक्षरांच्या बरोबर वर. सहीवर त्यांचा अंगठा होता.

ताईनं कागद ओढले नाहीत. ती अंगठ्याकडे बघत उभी राहिली. सुतार आणि ग्रंथपालही तिकडेच बघत होते.

मास्तरांनी अंगठा उचलला.