घरच्या लेकराला इचारा

"पप्पा, गाडी इकायच्या आधी माझा परण्या काढता का?"

हे विचारायची पैज मनिषानं लावली होती आणि दहावीच्या सगळ्या पोरी खिडकीबाहेर कान लावून उभ्या होत्या. परण्या निघतो नवरदेवाचा, लग्नाआधी मारुतीला जाताना. पालममधले कितीतरी नवरदेव राजेश्रीच्या पप्पांच्या, म्हणजे बजरंगच्या लाल गाडीतून मिरवले होते. तिचा वरचा कापडी टप मागं दुमडायचा, मग नवरदेव सीटच्या पाठीवर राजासारखा बसायचा. पण हल्लीच्या नवरदेवांना जेसीबीवर चढायची हौस! गाडी आपली दारात, ताडपत्रीखाली.

राजेश्रीला वाटलं, आता पायताण येतंय. पण पप्पा खो खो हसले. "काढू की! उद्याच काढू. आन् बरं का, टप बी नीट झालाय. तू शाळेत गेल्तीस तवा मिस्त्री येऊन गेला. बटण दाबलं की खटकन लागतो."

दुसऱ्या दिवशी राजेश्री गॉगल लावून गाडीत उंच बसली आणि अख्ख्या बाजाराला हात हलवत निघाली.

"ए नवरीऽऽ!" मनिषा ओरडली.

"नवरी कुणाला म्हणलीस? नवरदेव म्हण!" राजेश्रीनं वरूनच सुनावलं. मागच्या वर्षी फळ्यापाशी उभं राहायचं म्हटलं तर घाम फुटायचा तिला, हे कुणाला सांगून खरं वाटलं नसतं!

पुढं पप्पांच्या शेजारी धोतर नेसलेले एक म्हातारे बसले होते. घरी आल्यावर कळलं, हे राणीसावरगावचे मुंजाजीमामा, गाडी घ्यायला आलेत.

"टप लागतो का, बजरंगराव?" मामांनी विचारलं. "लग्नाची भाडी पोरगं करंल, पर घरवालीला परभणीला दवाखान्यात न्यावं लागतंय. तिला ऊन सोसत न्हाई."

"लागतो की. नवं रबर चिकटवलंय, दोन दिवस हात लावू नका म्हणलाय मिस्त्री."

मामा नुसतं "हं" म्हणाले आणि राजेश्रीकडं वळले. "म्या जलमभर बैलं घेतली, बाई. बैल मारका हाय का, हे मालकाला कधी इचारलं न्हाई. घरच्या लेकराला इचारायचं. तू सांग, टप लागतो?"

"लागतो की मामा! बटण दाबलं की खटकन!"

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. व्यवहार तिथंच ठरला, आणि ऊन कलायच्या आत गाडी गावाबाहेर पडलीसुद्धा.

संध्याकाळी जेवताना राजेश्री म्हणाली, "बरं झालं, मामीला आता ऊन लागायचं न्हाई."

मम्मीनं पदर तोंडाला लावला. खांदे मात्र हलत होते.

"काय झालं गं हसायला?"

"अगं येडे, टपाची मोटार जळून वरीस झालं," पप्पा भाकरी मोडत म्हणाले. "मिस्त्री न्हाई न् बिस्त्री न्हाई."

"मग मला तसं का सांगितलं?"

"मुंजाजी लेकराला इचारतो, हे सगळ्या बाजाराला ठाऊक हाय. तुला खरं सांगितलं असतं तर तू अडखळली असतीस. काय खणखणीत बोललीस! मला न्हाई जमलं असतं तसं."

शाबासकीच देत होते ते. राजेश्रीच्या तोंडातला घास तिथंच फिरत राहिला. पप्पांनी लबाडी तिच्या तोंडात घातली होती, आणि तिनं ती छाती पुढं काढून, गॉगल कपाळावर सरकवून बोलून दाखवली होती. मामांनी हात ठेवला ती जागा अजून जड वाटत होती.

"मम्मी, तुला ठाऊक होतं?"

"व्यवहारात चालतंय बाई तेवढं. जेव गप."

राजेश्रीनं ताट पुढं सरकवलं. तिचा आवाज फुटला तो बाजारातल्या आवाजापेक्षाही मोठा.

"मी उद्या शाळेत जाणार न्हाई. सकाळच्या एसटीनं राणीसावरगावला जाणार हाय. टप लागत न्हाई, हे मामांना मीच सांगणार. त्यांनी मला इचारलं होतं, तुमाला न्हाई."