बाबांच्या खात्यावर

घरचे सिनेमे-व्हिडिओ साठवून कुठूनही बघता यावेत म्हणून बाजारातला तयार सर्व्हर विकत घ्यायचा की जुन्या कॉम्प्युटरलाच त्या कामाला जुंपायचं, यावर नवरा-बायकोचा आठवडाभर खल झाला. शेवटी तिनं जुनाच कॉम्प्युटर पसंत केला, त्यात दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि कपाटाशेजारी त्याची प्रतिष्ठापना केली. सिनेमे, गाणी, लेकीचे, भिंगरीचे सगळे व्हिडिओ त्यात भरले. तिच्या परगावच्या बाबांना आणि नणंदेलाही बघता यावं म्हणून त्यांची खाती काढली आणि राउटरमधून इंटरनेटवर बाहेरची वाट उघडून दिली.

"घरचं थिएटर," नवरा म्हणाला. "तिकीट नाही, डोअरकीपर नाही!"

ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची. एका दुपारी लॅबमध्ये, कवळीचं मेण वितळेपर्यंत, तिनं मोबाइलवर सर्व्हर उघडला. कोण काय बघतंय ते त्यात दिसायचं. बाबांच्या खात्यावर भिंगरीचा व्हिडिओ चालू होता, शाळेच्या पहिल्या दिवसाचा. तिला हसू आलं. मग तो ज्या टीव्हीवर चालू होता त्याचं नाव दिसलं. असला टीव्ही बाबांकडे नव्हता. गावही भलतंच होतं.

व्हिडिओ थांबला. मागे गेला. शाळेच्या फाटकापासून पुन्हा सुरू झाला.

तिनं घाईघाईनं फोन लावला. "बाबा, काय बघताय?"

"काही नाही गं. डोळ्यांत औषध घालून पडलोय."

"पासवर्ड कुणाला दिलात का?"

"तुझ्या त्या सर्व्हरवाल्या कंपनीचा फोन आला होता ना सकाळी. खातं बंद पडेल म्हणाला, म्हणून दिला."

"कसली कंपनी, बाबा? आमच्या कपाटाशेजारचं खोकं आहे ते!"

"पण तुझं नाव घेतलं त्यानं. बोलायला इतका अदबशीर... नातवंडं किती, कुठल्या शाळेत जातात..."

"सांगितलंत?"

"सांगितलं." बाबांचा आवाज एवढासा झाला.

एप्रन न काढताच ती धावत सुटली. घरून काम करणाऱ्या नवऱ्याला वाटेतूनच फोन केला.

"आधी त्या कॉम्प्युटरची वायर उपट. काही विचारू नकोस."

शाळा नुकतीच सुटली होती. एकसारख्या गणवेशांचा लोंढा बाहेर पडत होता. फाटकासमोर उभी प्रत्येक गाडी, मोबाइल धरलेला प्रत्येक माणूस तिला 'तोच' वाटत होता. लोंढा ओसरला. भिंगरी कुठेच नव्हती. ती तशीच आत घुसली, जिना चढली.

भिंगरी वर्गात होती. बाईंसोबत फळा पुसत होती.

"आई, सोड ना, दुखतंय!" लेक तिच्या मिठीतून सुटायला बघत म्हणाली.

त्यांनी पोलिसांत तक्रार दिली. दाराच्या पाटीसारखी लॉगिनच्या पानावर सगळ्यांची नावं दिसत होती; आणि विसरायला नको म्हणून बाबांच्या खात्याला तिनं नाव दिलं होतं ते त्यांच्याच फोन नंबराचं; फोन करणाऱ्याला तेवढं पुरलं. तो माणूस सिनेमे चोरायला आला होता की आणखी कशाला, ते काही कळलं नाही. सापडला तर नाहीच.

तिनं बाहेरची वाट कायमची बंद केली. बाबांना ती आता पेनड्राइव्ह पाठवते. पण लेकीला शाळेत सोडल्यावर ती अजून घंटा होईपर्यंत फाटकाशी उभी राहते. बाबा तर फोनलाच भितात. तिचा फोनही पटकन उचलत नाहीत. उचलला तरी आधी दबक्या आवाजात विचारतात, "तूच ना? सांग बघू, लहानपणी कुठल्या मांजराला भ्यायचीस?"

ती सांगते. मग दोघं बोलतात.